माझ्या भिंतीला कुणी हात लावला नाही

निघोज्याहून मी निघाले त्या दिवशीच भावाने माझ्या खोलीत कांदा भरला. आमच्या चाकणच्या बाजूला कांदा निघाला की घरात माणसांपेक्षा कांद्याला जागा आधी लागते, हे मला कळत होतं. तरी माझी गाडी वेशीबाहेर पडेपर्यंत त्याने थांबायला हवं होतं. मी गाडीतून मागे वळून पाहिलं, तर गडी पोती आत नेत होते आणि भाऊ दारात उभा राहून, भिंतीला लावू नका, ओल धरंल, असं सांगत होता. मला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. मी दोन्ही कुणाला दिसू दिलं नाही.

मी लहानपणीच विधवा झालेली. नवऱ्याचा चेहरासुद्धा मला धड आठवत नाही. भावाच्या घरी राहून मी मराठी सातवीची, फायनलची परीक्षा दिली, गावच्या शाळेत मुलांना शिकवलं, आणि घरात वहिनीला न दुखावता कसं वावरायचं हेही शिकले. त्यातलं शेवटचं सगळ्यांत अवघड होतं. मग शाळेतल्या एका गुरुजींकडून कळलं की पुण्याची एक संस्था आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक पाठवणार आहे. तिथल्या खेड्यांत शाळा, विहिरी, संडास बांधायचे आणि तिथल्याच लोकांना ते काम शिकवायचं. काही वर्षं तिकडेच राहायचं. आधी पिंपरीजवळ हिवाळाभर गवंडीकाम शिकायचं. बायकाही चालतील, असं गुरुजी म्हणाले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

गावाने मला वेड्यात काढलं, पण निरोप मात्र झकास दिला. विधवेची ओटी भरत नाहीत. वहिनीने त्यावर युक्ती काढली. तिने नारळ, तांदूळ, हळकुंड सगळं एका पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. पदरात घालत नाही, हातात देते, मग कोण काय बोलणार, असं ती पुटपुटली. तिच्याशी माझं कधी फारसं पटलं नाही, पण त्या पिशवीसाठी मी तिला सगळं माफ केलं. सगळ्या आळीतल्या बायका निरोप द्यायला आल्या. सातासमुद्रापार चाललेल्या बाईला परत कोण पाहतो, या हिशेबाने त्यांनी मनापासून डोळे पुसले. अशा निरोपानंतर माणसाला परत येता येत नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्यात मला आनंदच वाटला होता.

पिंपरी आणि चिंचवडच्या मधे, रुळांच्या अलीकडे, एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात आमचं शिक्षण चाले. तेव्हा तिकडे ज्वारीची शेतं होती. एका बाजूला औषधाचा नवा कारखाना उभा राहत होता, आणि दुसऱ्या बाजूला निर्वासितांच्या कॅम्पाच्या लांबच लांब बराकी होत्या. आम्ही पाच जण होतो. तीन पुरुष: एक रत्नागिरीकडचा, एक परभणीचा आणि एक आमच्या चाकणचा, मोटारी दुरुस्त करणाऱ्या मुसलमान मेकॅनिकचा मुलगा. बाया दोन, मी आणि कॅम्पातली एक सिंधी मुलगी. आमच्यावर संस्थेचे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे काका म्हणत. काम शिकवायला चिंचवडचा एक म्हातारा गवंडी येई, त्यांना आम्ही मिस्त्री म्हणत असू.

पहिल्याच दिवशी काकांनी एक नियम स्पष्ट करून टाकला. एकटी बाई परदेशी पाठवायची नाही. दोघी गेल्या तर दोघी, नाहीतर एकही नाही. त्यांनी हे माझ्याकडे पाहून सांगितलं, आणि मी त्या मुलीकडे पाहिलं. ती वीस-एकवीस वर्षांची, काटकुळी, हातात थापी धरून उभी होती, आणि थापी तिने पोळी उलटायच्या कालथ्यासारखी धरली होती. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या मनगटावर अवलंबून होतं.

म्हणून मी तिच्या मागे लागले. मैत्री वगैरे नंतर झाली, आधी निव्वळ स्वार्थ होता. आमची झोपण्याची खोली एकच. पहाटे तिला उठवायची ती मी. वीट पाण्यात किती भिजवायची, खालच्या थराचा सांधा वरच्या विटेने कसा झाकायचा, ओळंब्याची दोरी स्थिर होईपर्यंत श्वास कसा रोखून धरायचा, हे मिस्त्री एकदा सांगत आणि मी तिला दहादा सांगे. तिची भिंत पोट काढी, म्हणजे मधेच फुगून बाहेर येई. मी ती पाडायला लावी. ती चिडून सिंधीत काहीतरी बोले, मी मराठीत बोले, आणि मग दोघी हसत सुटत असू. मी शाळेत कित्येक पोरं शिकवली, पण इतका जीव लावून कुणालाच शिकवलं नाही. पौष संपेपर्यंत तिची भिंत माझ्यापेक्षा सरळ उभी राहू लागली. मिस्त्री तिच्या भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, हिला आता कुटंबी सोडा. मला वाटलं, आपली बोट निघाली.

या भिंतींचं सांगायला हवं. आम्ही शिकताना चुन्यात किंवा सिमेंटात बांधत नसू, नुसत्या चिखलात बांधत असू, म्हणजे विटा पुन्हा वापरता येत. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने एकट्याने एक भिंत बांधायची, खिडकीसकट. मिस्त्री आणि काका ती बघत. आणि निघायच्या दिवशी सकाळी त्या भिंती पाडायच्या, विटा घासून पुढच्या लोकांसाठी रचून ठेवायच्या. यात मिस्त्रींची एक रीत होती. स्वतःची भिंत स्वतः पाडायची नाही. ज्याचं शिक्षण पुरं झालं आणि जो निघाला, त्याची भिंत बाकीचे पाडतात. दुसऱ्याचं बांधकाम उलगडताना ते नीट कळतं, असं मिस्त्री म्हणत. ज्याचं पुरं झालं नाही, जो मागे राहिला, त्याची भिंत तशीच उभी ठेवायची. तिला कुणी हात लावायचा नाही. आमच्या आधीच्या लोकांतली अशी एक भिंत कुंपणापाशी होती. पावसाने तिचा माथा विरघळला होता आणि तिच्या खिडकीत कुत्री झोपत.

चाकणच्याने आमच्या सगळ्यांच्या ट्रंका रंगवून दिल्या. वडिलांच्या दुकानात लॉऱ्यांचे नंबर रंगवून त्याचा हात बसला होता. माझ्या काळ्या ट्रंकेवर त्याने पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत माझं नाव आणि खाली बंदराचं नाव लिहिलं, दार-ए-सलाम. त्याचा अर्थ सलामतीचं घर, ताई, असं त्याने सांगितलं. रंग वाळेपर्यंत मी ट्रंकेपाशी बसून राहिले. जहाजासाठी टोचलेल्या लसीने आम्हा सगळ्यांचे दंड सुजले होते आणि त्या दुखण्याचंही मला कौतुक वाटत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ती सिंधी मुलगी आईचा निरोप घ्यायला कॅम्पात गेली. आई तिची एकटीच. वडील तिकडेच, कराचीला वारले. उद्या सकाळी भिंतीपाशी भेटू, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, आईला रडू दे पोटभर, घाई करू नको. संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा तिघे पुरुष गप्प होते. जायचं म्हणून मन भरून आलं असेल, असं मला वाटलं. रत्नागिरीच्याने माझ्या ताटात न विचारता जास्तीचा शिरा वाढला. त्याचंही मला काही वाटलं नाही.

सकाळी धुकं होतं. मी पदर खोचून, हातोडी घेऊन आवारात गेले तेव्हा तिघांनी काम सुरू केलं होतं. परभणीच्याची भिंत निम्मी उतरली होती. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले आणि विटा उतरवायला लागले. मग रत्नागिरीच्याची भिंत झाली, मग चाकणच्याची. ती अजून आली नव्हती आणि मी सारखी रस्त्याकडे बघत होते. तिन्ही भिंती जमिनीला आल्या. मला वाटलं, आता माझी. मी मुद्दाम जरा बाजूला जाऊन उभी राहिले, कारण आपली भिंत पडताना बघायची माझ्या मनाने तयारी केली होती.

तिघेही विटा घासत बसले. माझ्या भिंतीकडे कुणी वळलं नाही. शेजारी तिची भिंत, तिच्याकडेही नाही. पाच जागांपैकी तीन मोकळ्या झाल्या होत्या आणि आमच्या दोघींच्या भिंती खिडक्यांसकट तशाच उभ्या होत्या. मी चाकणच्याला म्हटलं, अरे, माझी राहिली ना. तो खाली मान घालून एकच वीट घासत राहिला. ती वीट कधीच स्वच्छ झाली होती. तेव्हा मला कळलं. मी हातोडी खाली ठेवली.

नंतर सगळा उलगडा झाला. ती येणार नाही, असा तिने काकांना संध्याकाळीच निरोप धाडला होता. काकांनी तिघांना सांगितलं आणि म्हणाले, तुम्ही तिला सांगा, तुमची ती मोठी बहीण आहे, तुमच्या तोंडून बरं वाटेल. तिघांनी ठरवलं, आपण कसं सांगणार, सकाळी काका सांगतील. काका सकाळी पुण्याला गेले होते आणि मला एव्हाना कळलं असेल या समजुतीत होते. चांगल्या घरच्या, चांगल्या मनाच्या चार पुरुषांनी मिळून माझ्यावर ही वेळ आणली. कुणाला वाईट सांगावं लागू नये म्हणून त्यांनी ते मला बघायला लावलं. माझी भिंत पाडली असती तर ती थट्टा झाली असती, म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. त्यांचंही बरोबरच होतं. मला त्या क्षणी त्यांचे गळे धरावेसे वाटले.

काका दुपारी आले तेव्हा मी त्यांच्याशी भांडले. मी एकटी जाईन, मी लिहून देते, असं सांगितलं. शेवटी ते म्हणाले, ताई, नियम मी केला नाही, पण मोडणारही मी नाही. पुढच्या खेपेला जोडीदारीण मिळाली तर बघू. पुढच्या खेपेला बायका घेणारच नाहीत, हे त्यांना तेव्हा ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

दुपारच्या गाडीने तिघे चिंचवड स्टेशनवरून मुंबईला निघाले. मी गेले पोचवायला. का गेले ते विचारू नका. त्यांच्या तीन ट्रंका फलाटावर ओळीने ठेवल्या होत्या आणि तिन्हींवर एकाच बंदराचं नाव होतं. परभणीचा माझ्या पाया पडला. रत्नागिरीचा म्हणाला, ताई, तुमी नसलाव तर आमका जेवणाची आठवण कोण करील. गाडी हलल्यावर चाकणचा दारात उभा राहून लांबपर्यंत हात हलवत राहिला, आणि मी हात वर केला नाही. दंड दुखत होता, एवढंच मी स्वतःला सांगितलं.

परत आवारात आले तेव्हा ऊन उतरलं होतं. माझी ट्रंक खोलीत एकटीच होती. मी माझ्या भिंतीसमोर विटांवर बसले. निघोजे जवळच होतं. संध्याकाळच्या मोटारीत बसले असते तर दिवेलागणीला घरी पोचले असते, आणि खोलीत कांदा होता.

तेवढ्यात रस्त्याकडून त्या मुलीची आई आली. मुलगी मागे, रस्त्यावरच उभी राहिली, पुढे आली नाही. आई ठेंगणी, पांढऱ्या सलवार-कमीजमधली, हातात फडक्यात बांधलेल्या कोक्या, म्हणजे त्यांच्याकडच्या जाड कांदा घातलेल्या पोळ्या. तिने फडकं माझ्या शेजारी ठेवलं आणि बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिची भाषा हिंदी आणि सिंधीच्या मधली, पण त्या दिवशी मला शब्दन् शब्द कळला.

"मेरा एक छोटा भी था," ती म्हणाली. "कराची से आते बखत जहाज में मर गया. चद्दर में बांध के पानी में डाल दिया. मैं बोली, थोड़ा रुको. जहाज रुका नहीं."

ती हे रडत सांगत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

"मेरी बेटी जहाज में नहीं जाएगी," ती म्हणाली. "तेरा नुकसान हुआ, मालूम है."

सकाळपासून जपून ठेवलेला राग घेऊन मी बसले होते, आणि आता तो टाकायला जागाच उरली नाही. राग मात्र होता. तो त्या बाईच्या मेलेल्या पोरावर काढायचा की काय. मला वाटलं, हिने हे सांगायला नको होतं, निदान माझा राग तरी माझ्यापाशी राहिला असता.

ती उठली आणि माझ्या भिंतीपाशी गेली. मुलीने तिला रीत सांगितली असणार. वरची एक वीट तिने दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली, ओढणीच्या टोकाने तिच्यावरची माती पुसली, आणि दुसरी उचलली. मला तिला थांबवायचं होतं. ही रीत तुमची नाही, मी निघालेली नाही, असं सांगायचं होतं. पण ती इतक्या सावकाश आणि मन लावून ते करत होती की मी बघत राहिले. मग मुलगीही रस्त्यावरून आली, आईच्या शेजारी उभी राहिली, आणि दोघींनी मिळून माझी भिंत उतरवली. खिडकीच्या वरचा थर काढताना मुलीने थबकून सांधे बघितले. मी तिला शिकवलेले ते सांधे होते. अंधार पडायच्या आत मी तिची भिंत उतरवली. मिस्त्री असते तर त्यांनी हे चालू दिलं नसतं.

शेवटी आई म्हणाली, "अब तू कहां जाएगी?"

मी खोलीतून ट्रंक बाहेर ओढली. तिने कॅम्पाकडे बोट दाखवलं. आम्ही तिघींनी ती उचलली आणि ज्वारीच्या बांधावरून कॅम्पाकडे निघालो.

बराकीत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या केलेल्या असत. त्यांच्या पडद्याआड मी राहिले ते राहिलेच. कॅम्पाजवळच्या शाळेत मला नोकरी लागली. मुलगी आणि मी पुन्हा बोलायला लागलो, पण पूर्वीसारखं कधी हसलो नाही. ती मला फार जपायची आणि मला त्याचा वीट यायचा. भावाला मी पत्र घातलं नाही. त्याने कुणाकडून तरी ऐकलं आणि एकदा भेटायला आला, कांद्याचं अर्धं पोतं घेऊन. परत चल, असं तो म्हणाला नाही, आणि मीही त्याला तसं म्हणायला लावलं नाही.

दोनेक वर्षांनी त्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा त्यांच्यातलाच, कापडाचा व्यापारी, हाँगकाँगला दुकान. सगळ्या बराकीत पेढे वाटले. मला वाटलं, आई जहाजाला नाही म्हणेल. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आई म्हणाली, "शादी की बात और है." बस, एवढंच. म्हणजे लग्नासाठी जहाज चालत होतं, माझ्यासोबत चाललं नव्हतं.

नव्या नवरीला जहाजात न्यायला ट्रंक हवी होती. माझी काळी ट्रंक कोपऱ्यात होती, तिच्यात मी गोधड्या ठेवत असे. मी ती रिकामी केली. पिंपरीच्या बाजारात पाट्या रंगवणाऱ्याकडे नेली. खरवडून काढू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, वरून रंग मार. त्याने माझं नाव आणि दार-ए-सलाम काळ्या रंगाने झाकलं आणि त्यावर तिचं नवं नाव आणि हाँगकाँग लिहिलं. तिरप्या उजेडात बघितलं की खालची अक्षरं फुगून वर आलेली दिसत. ती तिलाही दिसली असतील. तिने त्यांच्यावरून हात फिरवून बघितलं.

पुन्हा तोच फलाट, तीच मुंबईची गाडी. ती माझ्या गळ्यात पडून रडली. "मैं तेरे बदले जा रही हूँ," असं काहीतरी म्हणाली. मला ते वाक्य आवडलं नाही, आजही आवडत नाही. मी तिची पाठ थोपटली आणि डब्यात ट्रंक नीट लावून दिली, माझं नाव आतल्या बाजूला येईल अशी. या खेपेला मी हात वर केला.

आई स्टेशनवर आली नव्हती. मी बराकीत आले तेव्हा तिने माझं अंथरूण आपल्या अंथरुणाशेजारी ओढून घातलं होतं, मुलीच्या जागेवर. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला वाटलं, झोपली. मी दिवा बारीक केला.

"तू तो नहीं जाएगी ना?" तिने न वळता विचारलं.

मी म्हटलं, नाही.